पडद्यावर ३८ फूट, बंधाऱ्यावर ४२

पावसाळ्यात आम्हा कोल्हापूरकरांचा दिवस एका आकड्याने सुरू होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर? ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. चिखली-आंबेवाडीतली माणसं-जनावरं कधी हलवायची, हे या आकड्याकडे बघूनच ठरतं.

आता एक खेळ मांडू. टेबलाभोवती चौघे: जिल्हाधिकारी, पाटबंधारे, वीज आणि पोलीस खात्यांच्या भूमिकेत. वेळ रात्री दोनची. नदीची पातळी दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर ३८ फूट. तेवढ्यात बंधाऱ्यावरून फोन, "साहेब, पाणी बेचाळीसला लागलंय!" यंत्र बिघडलंय, की कुणी आत शिरून आकडा बदललाय? दहा मिनिटांत ठरवा. (राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात, त्यांना पडद्यावरचा आकडा लागत नाही. माणसांना लागतो.)

याला वॉरगेम म्हणतात. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने नकाशावरचा असा खेळ अधिकाऱ्यांसाठी स्वीकारला. सायबर संघर्षाच्या अभ्यासात तो फार मोलाचा आहे, कारण इथे खऱ्या घटना थोड्या आणि त्यांतल्या बऱ्याच गुप्त. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या तीन वीज कंपन्यांवर हल्ला झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरत होता आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. पुढे माणसं पाठवून उपकेंद्रं हातानं सुरू केली. त्या खोलीत तेव्हा कुणाच्या मनात काय चाललं होतं, हे पुन्हा घडवून बघता येत नाही. खेळात येतं.

अमेरिकन संशोधक जॅकलिन श्नायडर यांच्या चमूने २०१८ ते २०२० दरम्यान एकच संकट अनेक गटांना दिलं. फरक एवढाच ठेवला, की शत्रूच्या अण्वस्त्र-नियंत्रण यंत्रणेत शिरायची वाट काहींना ठाऊक, काहींना आपल्याच यंत्रणेतलं भोक ठाऊक, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. ज्यांच्या हाती वाट होती, त्यांतल्या बहुतेकांनी ती वापरली. मला हे काळजीचं वाटतं, कारण समोरच्याला त्यात अण्वस्त्र-युद्धाची सुरुवात दिसू शकते.

खेळात जीव जात नाही, म्हणून धाडस स्वस्त होतं, ही मर्यादा खरीच. त्यामुळे कोण जिंकलं यापेक्षा कोणत्या शब्दांत वाद झाला, कुणी कुणाचं ऐकलं, हे टिपणारा निरीक्षक महत्त्वाचा.

आपला पंचगंगेचा खेळही असाच दोन गटांत खेळायला हवा. एका गटाला तो फोन येईल, दुसऱ्याला येणार नाही. आणि दोन्हीकडे चिखलीला गाड्या किती वाजता निघाल्या, तेवढं लिहून ठेवायचं.