गोळीरोध, बांधकाम साहित्याचा

गोळीरोध, बांधकाम साहित्याचा : बंदुकीची किंवा पिस्तुलाची गोळी अडवून धरण्याची वीट, काँक्रीट, लाकूड, माती, काच इ. साहित्याची क्षमता. जी वस्तू माणसाला नजरेआड करते ती त्याला गोळीआडही ठेवते, असा सर्वसाधारण समज असतो. तो बहुतेक वेळा खोटा ठरतो. लाकडी कपाट, फ्लश दार, मोटारीचा पत्रा किंवा जिप्समची भिंत यांच्यामागे माणूस दिसत नाही, पण गोळीला त्यांची फारशी अडचण होत नाही.

अमुक भिंत ‘बुलेटप्रूफ’ आहे, या विधानाला गोळी कोणती हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही. ९ मिमी. पिस्तुलाची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मी.च्या आसपास वेगाने निघते. तिची ऊर्जा ५०० ज्यूलच्या घरात असते. एके-४७ च्या गोळीची ऊर्जा सुमारे २,००० ज्यूल, तर आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’ची ३,००० ज्यूलहून थोडी अधिक. म्हणजे पिस्तुलाला पुरून उरणारी भिंत रायफलीपुढे टिकेलच असे नाही. गोळीचा आकार आणि तिच्यावरचे धातूचे आवरण यांनीही फरक पडतो. टोकाशी पोकळी असलेली गोळी मऊ लक्ष्यात फुलते आणि लवकर थांबते. पण वाटेत जिप्सम बोर्ड लागला तर ती पोकळी भुकटीने बुजते आणि गोळी न फुलता पुढे जात राहते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्याच्या क्षेत्रपुस्तिकेत .३०३ (म्हणजेच ‘थ्री नॉट थ्री’) गोळी कशात किती खोल जाते याचे कोष्टक दिलेले असे. त्यातले आकडे आजही विचार करायला लावतात. सिमेंटने सांधलेली वीटभिंत ९ इंच, चुन्याने सांधलेली १४ इंच, पोत्यांत किंवा फळ्यांमध्ये कोंडलेली वाळू १८ इंच, ओकसारखे कठीण लाकूड ३८ इंच, देवदारासारखे मऊ लाकूड ५८ इंच, चिकणमाती ६० इंच आणि कोरडे पीट (कुजलेल्या वनस्पतींची दलदलीतली माती) तब्बल ८० इंच. फळ्यांमध्ये भरलेली बारीक खडी मात्र अवघ्या ६ इंचांत काम भागवते. घरातली सगळ्यांत भक्कम वस्तू म्हणून ज्या सागवानी दरवाजाकडे आपण बोट दाखवतो, त्याची जाडी दीड-दोन इंच असते हे या यादीशेजारी ठेवून पाहावे.

लाकडाचे तंतू गोळीला बाजूला सरून वाट देतात. वाळूचे आणि खडीचे कण तसे करत नाहीत. ते एकमेकांवर घासतात, गोळीचा तोल घालवतात, ती आडवी होते, कधी फुटते आणि तिची ऊर्जा हजारो कणांत वाटली जाते. म्हणूनच फार जवळून झाडलेली वेगवान गोळी वाळूत कधीकधी लांबून आलेल्या गोळीपेक्षा कमी खोल जाते; तिच्याच वेगाने तिचे तुकडे होतात. त्याच पुस्तिकेत आणखी एक उलटी वाटणारी सूचना होती : माती ठोकून घट्ट केली की तिची रोधशक्ती घटते. वाळूच्या पोत्यांचे मोर्चे आजही वापरात आहेत ते केवळ स्वस्त पडतात म्हणून नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या मोठ्या रेल्वे स्थानकांवर ते दिसू लागले.

तोफगोळ्यांपुढे हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसले. यशवंतराव होळकरांना आश्रय देणाऱ्या भरतपूरच्या किल्ल्याला १८०५ मध्ये इंग्रज सेनापती जनरल लेकने वेढा घातला. तिथल्या जाड मातीच्या तटात गोळे रुतून बसत. दगडी तटासारखा तो धडाधड ढासळत नसे. इंग्रजांचे चारही हल्ले फसले. १८२६ मध्ये किल्ला पडला तो तटाखाली सुरुंग लावून.

वीट आणि काँक्रीट यांची रीत निराळी. कठीण पण ठिसूळ साहित्यावर गोळी आदळली की समोर वाटीसारखा खड्डा पडतो आणि गोळी स्वतः चेपते किंवा फुटते. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी .३०३ रायफलींतून १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांतल्या काहींचे खड्डे तिथल्या वीटभिंतींवर चौकटी आखून जपले आहेत. पण भिंतीची ताकद दर गोळीगणिक खर्च होते. वरील पुस्तिकेनुसार २०० यार्डांवरून एकाच जागी १५० गोळ्या मारल्या तर ९ इंची भिंतीला भगदाड पडते. दुसरा धोका मागच्या बाजूचा : गोळी आरपार गेली नाही तरी धक्क्याने आतल्या अंगाचे ढलपे उडतात आणि तेही जखमी करू शकतात. काँक्रीटमधल्या सळया गोळी अडवतात असे नाही, कारण त्यांच्यामधले अंतर मोठे असते. तडकलेले काँक्रीट एकत्र धरून ठेवणे हे त्यांचे काम. पोकळ ब्लॉकचा भरवसा आणखी कमी, मात्र त्याच पोकळ्या काँक्रीटने भरल्या की तो बराच वाढतो.

आपल्याकडची ९ इंची पक्क्या विटांची भिंत पिस्तुलापुरती चांगलीच भक्कम. खोल्यांमधली साडेचार इंची भिंत रायफलीसाठी अपुरी समजावी. त्यातही वीट कच्ची भाजलेली असेल किंवा विटांमधले सांधे नीट भरलेले नसतील तर अधिकच. नव्या इमारतींत मातीच्या विटेची जागा सिपोरेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हलक्या ब्लॉकने घेतली आहे. तो हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेला असतो आणि त्याची घनता पाण्याहूनही कमी भरते. इमारतीवरचा भार आणि घरातला उकाडा त्याने कमी होतो. पण गोळी थांबवायला लागणारे वस्तुमानच त्यात थोडे.

साध्या खिडकीच्या काचेचा रोध नगण्य. टफन केलेली (तापवून झटकन थंड करून कणखर केलेली) काच आघाताला चिवट असली तरी गोळीला पुरत नाही. ती फुटते तेव्हा सबंध तावच्या तावच कोसळतो. गोळीरोधक काच म्हणजे काचेचे आणि प्लास्टिकचे थर चिकटवून केलेला जाड ठोकळा. थरांच्या काचेचे पेटंट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एद्वार बेनेदिक्तूस यांनी १९०९ मध्ये घेतले. युरोपीय मानक ईएन १०६३ नुसार अशा काचेवर १२० मिमी. बाजूच्या त्रिकोणात तीन गोळ्या झाडतात. एकही आरपार जाता कामा नये. शिवाय काचेच्या मागे पातळ पत्रा लावून ठेवतात. उडालेल्या कपच्यांनी त्याला भोक पडले तर गोळ्या अडवूनही त्या काचेच्या दर्जापुढे ‘कपच्या उडतात’ अशा अर्थाचे अक्षर लागते.