भरदुपारचे लग्नछायाचित्रण, नाशिक

भरदुपारचे लग्नछायाचित्रण : डोक्यावर आलेल्या उन्हात, उघड्यावर नवरानवरीची व्यक्तिचित्रे टिपण्याची पद्धत. फोटोग्राफीच्या वर्गात ही वेळ टाळायला शिकवतात. नाशिककडच्या लग्नात वेळ ठरवते पंचांग. गोरज मुहूर्त सोडला तर बरीचशी लग्ने साडेबाराच्या आगेमागे लागतात, आणि खेड्यावर मान्यवरांचे शुभाशीर्वाद लांबले की त्याहूनही उशिरा. मग स्टेजवरची आहेराची रांग आणि नवरानवरीचे जेवण यांच्या मधे जो अर्धा तास हाती लागतो, तोच फोटोग्राफरचा.

नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य इथे थेट माथ्यावर येतो; उभ्या माणसाची सावली त्याच्या पायातच राहते. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो माध्यान्हीलाही जेमतेम 46 ते 47 अंश वर चढतो. माध्यान्हही घड्याळातल्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ नाशिकच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर बेतलेली असल्याने सूर्य मे महिन्यात साडेबाराच्या सुमारास आणि फेब्रुवारीत पाऊण वाजून गेल्यावर सर्वांत उंच असतो. म्हणजे अक्षता पडतात तेव्हा ऊन ऐन भरात असते.

या उन्हाचा चेहऱ्यावर होणारा परिणाम ठरलेला आहे. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडे पांढरी पडतात, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, नाकाची सावली ओठावर उतरते. मराठी नवरानवरीच्या बाबतीत त्यात मुंडावळ्यांची भर पडते. मोत्यांच्या सरांची ठिपक्याठिपक्यांची सावली गालावर पडली की ती नंतर संगणकावर पुसणे जिकिरीचे होते. त्यापेक्षा फोटोपुरते सर कानामागे सारावेत. नवऱ्याच्या फेट्याने अर्धा चेहरा अंधारात जातो आणि त्याच चौकटीत नवरीच्या साडीची जर उजेडाने पांढरीफटक होते.

उपायांत पहिला आणि बिनखर्चाचा म्हणजे सावली. उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर आभाळाकडे तोंड असलेल्या सावलीत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. फोटोला तो भरपूर झाला. जोडप्याला सावलीच्या आत खोल न नेता तिच्या काठाशी, उन्हाकडे तोंड करून उभे करायचे. समोरच्या उजळ जमिनीवरून उसळलेला उजेड डोळ्यांचे खड्डे भरतो. अशी सावली किती मिळेल हे महिन्यावर आहे. डिसेंबरच्या दुपारी दहा फुटी भिंतीच्या उत्तरेला नऊ-साडेनऊ फूट सावली असते, दोघे ऐसपैस उभे राहतात. एप्रिलच्या विसाव्या तारखेला त्याच भिंतीची सावली दीड फुटावर येते. तेव्हा भिंत सोडून छपराखाली जावे लागते. जुन्या नाशकातल्या वाड्याची ओसरी किंवा दिंडीदरवाजा यासाठी फार सोयीचा.

गोदाघाटाचा मोह बहुतेकांना होतो, पण घाट आणि काळाराम मंदिराचा परिसर ही काळ्या दगडाची जागा आहे. काळा दगड उजेड गिळतो, चेहऱ्याला परत काही देत नाही. शिवाय चौकटीत दगड जास्त आला तर कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर फसते आणि चेहरे पांढरेफटक होतात; मोजमाप त्वचेवरच घ्यावे. रामकुंडाचे आणखी एक आहे. तिथे दुपारीही अस्थिविसर्जन आणि दशक्रिया चालू असतात, आणि हळदीच्या अंगाने तिथे उभे राहणे घरातल्या आजीला रुचत नाही. ती बरोबरच असते असे या लेखकाचे मत.

मंगल कार्यालये आणि लॉन्स इथली अडचण रंगाची असते. गुलाबी-पिवळ्या मांडवाखाली ऊन गाळून येते आणि सगळे वऱ्हाड कावीळ झाल्यासारखे दिसते. हिरवळीवर हनुवटीखाली हिरवी छटा चढते. हे रंग नंतर संगणकावर पुरते निघत नाहीत, कारण चेहऱ्याचा वरचा भाग एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्याच रंगाचा झालेला असतो. हिरवळीवर पांढरी चादर अंथरली तर निम्मे काम होते.

सावली नसेलच तर दोन सहायकांनी जोडप्याच्या डोक्यावर पातळ पांढरे कापड ताणून धरायचे. अंतरपाटाचे कापडही चालते, फक्त त्यावरचे स्वस्तिक कपाळावर उमटणार नाही एवढे पाहायचे. कापडाने उजेड एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उतरतो, त्यामुळे मागची उन्हातली जागा तेवढीच जास्त भडक होते. म्हणून पार्श्वभूमीला झाडी किंवा तीच काळी भिंत घ्यावी. थर्माकोलचा पत्रा खालून उजेड द्यायला उत्तम. चंदेरी रिफ्लेक्टर मात्र डोळ्यांत तिडीक आणतो. डोळे मिटून घ्यायला सांगावे आणि ‘तीन’ म्हटल्यावर उघडायला लावावे, ही जुनी युक्ती अजून चालते.

फ्लॅशचे गणित थोडे अवघड आहे. स्वच्छ उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) 100 आणि एफ 16 ला (भिंगाचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) शटर साधारण 1/100 सेकंद उघडावे लागते. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ 2.8 वर आले की शटर 1/3200 होते, आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश 1/200 ते 1/250 च्या पुढे शटरच्या पडद्याशी जुळत नाही. हायस्पीड सिंकने (फ्लॅश झरझर अनेकदा उडवण्याच्या सोयीने) तो जुळतो, पण जोर फार घटतो; छोटा फ्लॅश मग पाच-सहा फुटांवरच कामाचा उरतो. चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावला की शटर 1/200 वर येते आणि फ्लॅशचा पूर्ण जोर वापरता येतो. लॉन्सवर पळापळ करणाऱ्या एकट्या फोटोग्राफरला यातले काहीही नीट जमणे कठीण. सोबत लाइटमन हवा.

कडक ऊन एका गोष्टीला मात्र मानवते, ती म्हणजे येवल्याची पैठणी. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. कापड वळले की रंग बदलतो. मऊ उजेडात हे खुलत नाही. म्हणून चेहरा सावलीत आणि पदर उन्हात, अशी जोडप्याची जागा जाणते लोक निवडतात. फक्त जरीचा तपशील जाऊ नये म्हणून एक्स्पोजर थोडे कमी ठेवतात आणि रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) सावल्या उजळतात.

द्राक्षबागेतले फोटो ही नाशिकची खास मागणी. डिसेंबर ते फेब्रुवारीत मांडवी (मांडवावर वेल चढवलेल्या) बागेखाली पानांतून गाळून येणाऱ्या उन्हाचे कवडसे असतात, चेहऱ्यावर ते डागासारखे दिसतात. दाट पानांखालची जागा शोधावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे वेल पार बोडका करतात. त्यानंतर नवी फूट येईपर्यंत वेलीवर नुसते ओलांडे (आडवे फाटे) आणि तारा उरतात, सावली नावालाही नसते. छाटणीनंतर लगेचच्या मुहूर्ताला हिरव्यागार बागेतला फोटो मागणाऱ्यांना हे आधीच सांगितलेले बरे.