वेगळी चूल आणि सामायिक कॉन्फिग

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात ८ लिनक्स मशीन आहेत, सगळ्यांवर स्वे, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर. गेल्या पावसाळ्यात मीटिंग रूममध्ये नवा स्क्रीन आला, म्हणून मी /ईटीसी/स्वे/कॉन्फिग या सेटिंग्जच्या सामायिक फाइलीत प्रत्येक मशीनवर दोन ओळी वाढवल्या. त्या लागू झाल्या दोघांनाच. बाकी सहा जणांनी कधीकाळी तीच फाइल आपल्या होम डिरेक्टरीत (स्वतःच्या खासगी फोल्डरमध्ये) कॉपी करून घेतली होती. एकदा ती तिथे सापडली की स्वे सामायिक फाइलीकडे ढुंकूनही पाहत नाही.

खोड जुनी आहे. टॉम लास्ट्रेंज यांनी १९८७च्या सुमारास लिहिलेला टीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर आधी होममधली .टीडब्ल्यूएमआरसी ही आपली कॉन्फिग फाइल शोधतो, ती नसेल तरच सिस्टिमची फाइल वाचतो. म्हणजे वेगळी चूल मांडलीत, की मोठ्या घरातून वाटीभर आमटीही येणार नाही. (नावातलं 'आरसी' तर त्याहून जुनं, १९६०च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर असलेल्या, फाइलीतल्या आज्ञा चालवणाऱ्या 'रनकॉम'चं. आणि सुरुवातीचं टिंब हा निव्वळ अपघात. युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक सांगतात की फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' या आज्ञेला फक्त '.' आणि '..' (चालू आणि त्यावरचं फोल्डर) या दोन नोंदी लपवायच्या होत्या. आळसापोटी नावाचं पहिलंच अक्षर तपासलं गेलं आणि टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल गायब झाली.)

कोणती फाइल कुठे ठेवायची हे सांगणाऱ्या २००३च्या एक्सडीजी संकेतांनी पसारा आवरला: वैयक्तिक ते .कॉन्फिगमध्ये, सामायिक ते /ईटीसी/एक्सडीजीमध्ये. पण एकाच नावाची फाइल दोन्हीकडे सापडली तर काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मायकेल स्टॅपेलबर्ग यांच्या आयथ्री या विंडो मॅनेजरने, २००९मध्ये, जुनंच ठरवलं: पहिली सापडेल ती खरी. मग लोक तुकडे वेगळे ठेवून शेल स्क्रिप्टने एकत्र चिकटवायचे, किंवा सगळं गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) टाकून स्टो नावाच्या साधनाने सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे नेणारे दुवे, काढायचे. चालायचं, पण जुगाडच तो.

आयथ्रीत 'इन्क्लूड', म्हणजे एका कॉन्फिगमध्ये दुसरी फाइल ओढून घेणं, आलं ते ४.२० आवृत्तीत, २०२१मध्ये. स्वेमध्ये ते आधीपासून होतं, आणि माझ्या मते स्वेचीच रीत सोयीची. तोच कीबोर्ड शॉर्टकट दोनदा बांधला तर स्वे कुरकुरतो, पण नंतरचा धरतो. आयथ्री त्याला चूक म्हणतो. म्हणून स्वेमध्ये सामायिक भाग आधी आणि स्वतःच्या ओळी खाली लिहिल्या, की आपलं आपल्याला मिळतं.

स्वेच्या मूळ फाइलीच्या शेवटी /ईटीसी/स्वे/कॉन्फिग.डी या फोल्डरमधलं सगळं ओढून घेणारी एक इन्क्लूड ओळ असतेच. मी त्या दोन ओळी तिथे नव्या फाइलीत हलवल्या आणि सगळ्यांना रीलोड करायला सांगितलं. सहापैकी पाच जणांचा स्क्रीन लागला. सहाव्याने ती शेवटची ओळ 'काही कामाची दिसत नाही' म्हणून उडवली होती.