लिंगवाचक भाषा आणि इंग्रजी शब्दयोजना : मुंबईतील बोलीव्यवहार

मुंबईच्या रोजच्या मराठी बोलण्यात लिंगाच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था एकाच वाक्यात भेटतात. मराठीतील तीन लिंगे नामापुरती न थांबता विशेषण, सर्वनाम आणि क्रियापद यांवरही उमटतात. इंग्रजीत लिंगभेद प्रामुख्याने ‘ही’, ‘शी’, ‘इट’ या एकवचनी सर्वनामांत आणि काही व्यवसायवाचक नामांत उरला आहे. त्यामुळे ‘आय ॲम कमिंग’ या वाक्यातून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही, पण तेच रोजच्या मराठीत सांगताना बहुधा ‘येतो’ किंवा ‘येते’ यांपैकी एक निवडावे लागते.

मराठीत आलेल्या इंग्रजी नामालाही लिंग घ्यावे लागते. ‘बस’, ‘लोकल’, ‘कार’ हे शब्द ‘गाडी’च्या वळणाने स्त्रीलिंगी झाले आणि ‘टॅक्सी’, ‘कंपनी’ यांना ईकारान्त रूपाचा आधार मिळाला. ‘स्टेशन’ व ‘ऑफिस’ नपुंसकलिंगी ठरले, तर ‘प्लॅटफॉर्म’ आणि ‘मेसेज’ पुल्लिंगी. ही वाटणी कोणी बसून केलेली नाही, तरी दादरला उभा असलेला प्रवासी ‘लोकल आली’ असेच म्हणतो. म्हणून अशा बोलण्याला सरसकट अशुद्ध म्हणणे योग्य नाही, कारण शब्द परका असला तरी त्याला चालवणारे व्याकरण मराठीच आहे. खरा वाद दुसरीकडे आहे. प्रमाण मराठीत स्त्री ‘मी आले’ म्हणते, तर मुंबईत ‘मी आली’ सर्रास ऐकू येते आणि त्याचे कारण म्हणून सहसा हिंदीकडे बोट दाखवले जाते.

व्यवसायनामांत इंग्रजीची अडचण अधिक ठळक दिसते. साताऱ्याच्या सुरेखा यादव 1988 मध्ये भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या आणि 2000 मध्ये त्यांनी मध्य रेल्वेवर महिला विशेष लोकल चालवली, तेव्हा उपनगरी गाडीच्या ‘मोटरमन’ या पदनामातील पुरुषवाचकता उघडी पडली. त्याला पर्याय म्हणून ‘मोटरवुमन’ हा शब्दही वापरला जातो. क्रिकेटच्या नियमांत ‘बॅट्समन’च्या जागी ‘बॅटर’ 2021 मध्ये आला, मराठीतील ‘फलंदाज’ मात्र आधीपासूनच दोघांना चालणारा होता. मराठीचाही एक दोष आहे आणि तो झाकू नये : ‘मास्तरीण’, ‘डॉक्टरीण’, ‘पाटलीण’ या रूपांतून ती स्त्री स्वतः त्या पदावर आहे की त्या पदावरील पुरुषाची पत्नी आहे, हे स्पष्ट होत नाही. ‘डॉक्टर आल्या’ ही आजची रचना ही संदिग्धता टाळते, कारण तेथे नाम तसेच राहते आणि लिंग व आदर दोन्ही क्रियापद सांभाळते.

व्यक्तीचे लिंग सांगायचे नसेल तर इंग्रजीत ‘दे’ (they) हे अनेकवचनी सर्वनाम एकवचनी अर्थाने वापरतात आणि त्या वापराला तेथे शतकांची परंपरा आहे. मुंबईतील महाविद्यालयांत व कार्यालयांत ही योजना इंग्रजीतून सहज उचलता येते; मराठीत ती शब्दशः उतरत नाही, कारण आदरार्थी ‘ते आले’ पुल्लिंगी राहते आणि ‘ते आलं’ हे माणसाला वस्तूच्या पंक्तीत बसवणारे वाटते. मराठीच्या स्वतःच्या वाटा निराळ्या आहेत : ‘मला वाटतं’, ‘मी सांगितलं’, ‘तुम्ही आलात’ या वाक्यांत बोलणाऱ्याचे वा ऐकणाऱ्याचे लिंग मुळीच प्रकट होत नाही.