मेंदूतलं कडं: कापून दिसणारं आणि आलेखात दिसणारं

नागपुरात बर्डीवर चहा पिताना इंजिनिअरिंगच्या एका पोरानं विचारलं, "काऊन सर, उंदराच्या मेंदूत खरंच मेदूवडा असते का?" प्रश्न हवेतला नव्हता. जागेचा अंदाज ठेवणाऱ्या ग्रिड पेशींवरचं एक संशोधन नॉर्वेच्या मोझर प्रयोगशाळेतून २०२२ साली प्रसिद्ध झालं आणि त्यात टोरस, म्हणजे मेदूवड्याच्या पृष्ठभागासारखा आकार निघाला. पण मेंदू कापून पाहिला तर त्यात तसं काही सापडत नाही. मेंदूच्या बाबतीत 'भूमिती' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास खिचडी होते.

पहिली भूमिती मांसाची. मेंदूच्या बाहेरच्या थराच्या घड्या, पेशींच्या जागा, पेशींना जोडणाऱ्या तारांची लांबी. हा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड, आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग घड्यांच्या आत दडलेला. इथं अंतर मोजायला पट्टी चालते.

दुसरी भूमिती समजायला झिरो माइलच्या दगडापाशी उभे राहा आणि जागच्या जागी हळूहळू एक गिरकी घ्या. विधानभवन, बर्डीचा किल्ला डोळ्यांसमोरून सरकतील आणि तोंड पुन्हा पहिल्या दिशेला येईल. उंदराच्या मेंदूत याचा हिशेब ठेवणाऱ्या दिशापेशी असतात. तोंड एका बाजूला असलं की एक पेशी जोरात चालते, दुसऱ्या बाजूला वळलं की दुसरी. (होकायंत्राशी संबंध नाही, आजूबाजूच्या खुणा फिरवल्या की पेशींची दिशाही फिरते.) समजा, अशा १०० पेशींपैकी प्रत्येक किती जोरात चालतेय याची एकाच क्षणी नोंद घेतली. १०० आकडे मिळाले. प्रत्येक पेशीला एक अक्ष दिला की ते १०० आकडे मिळून १०० मितींच्या अवकाशातला एक ठिपका होतो. डोकं वळेल तसा ठिपका सरकतो, आणि गिरकी पुरी झाली की मूळ जागी परततो. त्याच्या वाटेचं कडं तयार होतं. २०१९मध्ये उंदरांच्या नोंदींतून हे कडं काढून दाखवलं गेलं. गंमत म्हणजे स्वप्नांच्या, म्हणजे आरईएम झोपेतही ठिपका त्याच कड्यावरून फिरत होता; डोकं मात्र जागचं हललं नव्हतं.

या पेशी उंदराच्या मेंदूत गोलाकार मांडलेल्या नसतात. शेजारच्या दोन पेशींच्या दिशा शेजारच्याच असतील असंही नाही. कडं आहे ते फक्त आलेखात.

आणि घोटाळा व्हायला निसर्गानंच हातभार लावलाय. फळमाशीच्या मेंदूत दिशेचा हिशेब ठेवणारा भाग खरोखरच कड्यासारखा आहे! २०१५ साली योहानेस झेलिग आणि विवेक जयरामन यांनी दाखवलं, की माशी वळते तसा त्या कड्यात सक्रियतेचा एक उंचवटा, म्हणजे जोरात चालणाऱ्या पेशींचा पुंजका, गोल सरकतो, अंधारातही. म्हणजे माशीत दोन्ही भूमिती जुळल्या, उंदरात नाही. काम तेच, मांडणी वेगळी. माणसातही काही ठिकाणी नकाशा मांसातच काढलेला असतो: मेंदूतल्या स्पर्शाच्या पट्ट्यात हाताला आणि ओठांना पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा मिळते.

एआयकडे वळलं की पहिली भूमिती जवळपास गळूनच पडते. एखाद्या थरातल्या कृत्रिम पेशींची अदलाबदल केली आणि त्यांच्या जोडण्याही सोबत हलवल्या, तर उत्तर तसूभरही बदलत नाही. मॉडेल कुठल्या चिपवर चालतंय यानंही काही बिघडत नाही. मेंदूला ही चैन परवडत नाही. लांब तार म्हणजे जास्त जागा, जास्त ऊर्जा, जास्त वेळ.

उरते ती दुसरी. जीपीटी-२ या भाषा-मॉडेलच्या सगळ्यात लहान आवृत्तीत प्रत्येक शब्दखंडासाठी ७६८ आकडे असतात, म्हणजे ७६८ मितींतला एक ठिपका. २०२४मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी अशा भाषा-मॉडेलांत आठवड्याचे वार शोधले, तर ते वर्तुळावर क्रमाने बसलेले निघाले, रविवारनंतर पुन्हा सोमवार. असं बसा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

व्याख्यानांत दाखवतात त्या रंगीबेरंगी ठिपक्यांच्या ढगांवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. शेकडो मिती दोनांत दाबल्या की ढगांमधली अंतरं बरेचदा निव्वळ दाबण्याच्या पद्धतीतून येतात. मला ढोसून पाहणारे प्रयोग पटतात. २०१७मध्ये जयरामन यांच्या गटानं प्रकाशाच्या झोतानं माशीच्या कड्यावर दुसऱ्याच जागी उंचवटा उठवला, तर आधीचा विझून गेला. दोन उंचवटे एकत्र नांदत नाहीत. वारांच्या बाबतीतही तसंच केलं गेलं. "सोमवारनंतर दोन दिवसांनी कोणता वार?" असा प्रश्न सोडवत असताना मॉडेलच्या आत ठिपका वर्तुळावरच्या दुसऱ्या वाराच्या जागी सरकवला, आणि मॉडेल त्या वारापासून मोजू लागलं.