चिठ्ठी निवडीची आणि चिठ्ठी वाटणीची

मानसशास्त्राच्या प्रकल्प अहवालांत ‘नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडला’, म्हणजे अभ्यासातली माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली, हे वाक्य हमखास सापडतं. जरा खोदून विचारलं की कळतं, त्या दिवशी वर्गात जे हजर होते त्यांनाच चाचणी दिली होती आणि मग चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले होते. म्हणजे नमुना सोयीचा होता. यादृच्छिक होती ती गटवाटणी. तोंडी परीक्षेत नेमकं इथेच अडकायला होतं.

अभ्यासात कोण येणार हे चिठ्ठीने ठरलं, तर ती यादृच्छिक नमुना निवड. निष्कर्ष वर्गाबाहेरच्या कितीजणांना लावता येईल, ते तिच्यावर ठरतं. आलेल्यांपैकी कोण प्रायोगिक गटात (ज्यावर प्रयोग करायचा) आणि कोण नियंत्रित गटात (फक्त तुलनेसाठी) हे चिठ्ठीने ठरलं, तर ती यादृच्छिक वाटणी. गटांतला फरक आपल्या उपचारामुळेच, म्हणजे प्रायोगिक गटाला जे दिलं त्यामुळेच, पडला असं म्हणण्याचा आधार तीच देते. एक असली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

निवडीसाठी आधी पूर्ण यादी लागते. समजा, रजिस्टरवर 240 नावं आहेत आणि हवेत 60. एक्सेलमध्ये नावांशेजारच्या रकान्यात रँड, म्हणजे =RAND(), हे सूत्र भरा, आलेले आकडे कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करा, मग त्या रकान्यानुसार क्रम लावून वरची 60 नावं घ्या. पेस्टची पायरी गाळली तर शीटवर काहीही केलं की आकडे बदलतात आणि कोणती यादी खरी हे नंतर दाखवता येत नाही. खरी गळती पुढे होते. साठांतल्या 14 जणांनी नकार दिला आणि त्यांच्या जागी मित्रमंडळी बसवली, की निवड यादृच्छिक उरत नाही. किती जणांना विचारलं, किती आले, हे अहवालात लिहावंच. 1936च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अंदाजासाठी सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, सुमारे 24 लाख परत आल्या आणि उमेदवार लँडन यांना 57 टक्के मतं मिळतील असा अंदाज निघाला. निवडून आले प्रतिस्पर्धी रूझवेल्ट, सुमारे 61 टक्के मतं घेऊन. नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेली, म्हणजे जास्त करून सुखवस्तूंची, त्यातही उत्तर देणारे स्वतःहून पुढे आलेले. अशा यादीपुढे 24 लाख हा आकडा काय कामाचा?

वाटणी बिघडते ती बहुतेक वेळा चांगुलपणामुळे. 1930 साली स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमध्ये 20,000 शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. 10,000 मुलांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पिंट, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध दिलं. उरलेली 10,000 तुलनेसाठी. गट चिठ्ठीने किंवा नावांच्या वर्णक्रमाने पाडायचे होते. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा अशक्त मुलं जास्त आली असं वाटलं, तर अदलाबदलीची मुभा होती. शिक्षकांना गरीब, हडकुळ्या पोरांची दया आली असावी. प्रयोगाच्या सुरुवातीलाच बिनदुधाचा गट वजनाने आणि उंचीने सरस निघाला. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांनी 1931 साली यावर बोट ठेवलं. आणखी एक खोच त्यांनी दाखवली: मुलांचं वजन कपड्यांसकट केलं होतं. जूनमध्ये कपडे हलके होतात, पण गरिबाच्या अंगावर फेब्रुवारीतही फारसे नसतात. त्यामुळे दुधाच्या गटाची वाढ फुगून दिसण्याची शक्यता होती. इतक्या मोठ्या खटाटोपाऐवजी एकसारख्या जुळ्यांच्या 50 जोड्या घ्या, असं त्यांनी सुचवलं.

मग नाणं उडवावं का? 20 जणांसाठी नाणं उडवलं तर बरोबर 10-10 अशी वाटणी होण्याची शक्यता 18 टक्क्यांहून कमी. 14-6 किंवा त्याहून वाकडी होण्याची साडेअकरा टक्के. लहान प्रकल्पाला हे परवडत नाही. त्यापेक्षा चार-चारचे गठ्ठे करा. एका गटाला क आणि दुसऱ्याला ख म्हणू; दोन क आणि दोन ख यांच्या मांडण्या सहाच होतात: ककखख, कखकख, कखखक, खककख, खकखक, खखकक. फासाही सहा बाजूंचा. दर चौघांसाठी एकदा फासा टाकायचा आणि आलेली मांडणी क्रमांक घातलेल्या, आरपार न दिसणाऱ्या पाकिटांत ओळीने बंद करायची. सहभागी व्यक्तीचं नाव नोंदवून झाल्यावरच पाकीट उघडायचं. ‘एक इकडे, एक तिकडे’ ही पद्धत टाळा. पुढचा कुठे जाणार हे आधीच कळतं आणि लॅनार्कशरसारखी दया तिथे डोकावते. आलेल्यांपैकी पहिले 20 एका गटात, नंतरचे 20 दुसऱ्यात, हेही नको. वेळेवर येणारा आणि उशिरा येणारा यांच्यात फरक असतोच.

अ तुकडीला ध्यान, ब तुकडीला नेहमीचा तास अशी रचना असेल तर तिला यादृच्छिक म्हणूच नये, तो अर्धप्रयोग, म्हणजे यादृच्छिक वाटणी नसलेला प्रयोग. दोन्ही तुकड्यांची पूर्वचाचणी घ्यावी आणि तुकड्या मुळात कशा पाडल्या होत्या, गुणांवर की प्रवेशाच्या क्रमाने, हे कार्यालयात विचारून अहवालात नोंदवावं. मराठी आणि सेमी-इंग्रजी अशा तुकड्या असतील तर ते आधी लिहावं.