कांद्याचा भार ०.६४

किरकोळ महागाई मोजण्यासाठी सरकार जो ग्राहक किंमत निर्देशांक काढते, त्याच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत शंभरपैकी कांद्याचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, ०.६४, टोमॅटोचा ०.५७ आणि बटाट्याचा ०.९८ होता. तिन्ही मिळून जेमतेम २.२ भरतात. आकडा किरकोळ वाटतो, परंतु या तीन वस्तूंचे भाव एका हंगामात दुप्पट होणे आपल्याकडे मुळीच नवलाचे नाही. आणि तसे झाले, तर बाकी सर्व वस्तूंचे भाव जागच्या जागी राहूनही एकूण निर्देशांक साधारण दोन टक्क्यांनी वर सरकतो. रिझर्व्ह बँकेला कायद्याने ठरवून दिलेले महागाईचे लक्ष्य चार टक्क्यांचे आहे आणि त्याच्या वरखाली मुभा आहे तीही दोनच टक्क्यांची. म्हणजे ती सगळी मुभा एकटी भाजीची पाटी खाऊन टाकू शकते.

ही चौकट उर्जित पटेल समितीच्या जानेवारी २०१४ मधील अहवालातून आली आणि २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन अमलात आली. सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ठरवते. महागाई सलग तीन तिमाह्या मर्यादेबाहेर राहिली, तर बँकेला सरकारला लेखी कारणे द्यावी लागतात. तशी वेळ २०२२ मध्ये एकदा आलीही.

आता ऑक्टोबर २०२४ चे आकडे पाहू. किरकोळ महागाई ६.२१ टक्के होती आणि भाजीपाल्याची महागाई तब्बल ४२.१८ टक्के. भाजीपाल्याचा एकूण भार ६.०४ असल्यामुळे त्या ६.२१ पैकी अडीच टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या भाजीचा ठरतो. बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, महागाई ०.२५ टक्क्यावर, म्हणजे या मालिकेतील नीचांकावर आली आणि भाजीपाला वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे २७.६ टक्क्यांनी उतरला. हे दोन आकडे एकमेकांपुढे ठेवून साधे गणित करावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना मिळणारी भाजी वर्षाने १४२ रुपयांची झाली आणि त्यातून २७.६ टक्के वजा केल्यावर पुन्हा १०३ रुपयांच्या आसपास आली. दोन वर्षांत वाढ झाली ती केवळ तीन टक्क्यांची! मधल्या काळात मात्र वर्तमानपत्रांनी आधी महागाईचा भडका छापला आणि नंतर विक्रमी स्वस्ताई. रेपो दरातील बदलाचा परिणाम पूर्णपणे उतरायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, हे लक्षात घेतले तर भाजीकडे पाहून दर ठरवणे म्हणजे पाऊस ओसरल्यावर छत्री उघडण्यासारखे आहे.

जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालाने याच कारणासाठी सुचवले, की महागाईचे लक्ष्य अन्नधान्य व खाद्यपदार्थ वगळून ठरवता येईल का, याचा विचार व्हावा. व्याजदर वाढवून लोकांची मागणी आवरता येते, कांद्याचे पीक वाढवता येत नाही. महाग अन्नाची झळ गरिबांना बसते, ती थेट रक्कम किंवा कूपन देऊन भरून काढावी, असे त्याचे म्हणणे होते. अहवालातला आणखी एक मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो असा की, खाद्यपदार्थ महागून लक्ष्य धोक्यात आले की भाव खाली आणण्याचा दबाव सरकारवर येतो आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळण्याची वेळ हातची निघून जाते.

नाशिक जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले, डिसेंबरमध्ये सरसकट निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य आणि शुल्काच्या अटी लावून उठली आणि उरलेले शुल्क संपायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. रिझर्व्ह बँकेनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ग्राहक कांद्यासाठी मोजतो त्या रुपयातले ३६ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. टोमॅटोत ३३ आणि बटाट्यात ३७. निर्देशांक जो भाव मोजतो तो गिऱ्हाइकाच्या पिशवीतला असतो. निर्यातबंदीने पडतो तो बाजार समितीतला.

बँकेची बाजूही पोकळ नाही. तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर मायकल पात्रा आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दाखवले, की अन्नाची महागाई लांबली तर ती मजुरी, भाडे आणि लोकांच्या अपेक्षांतून इतर किमतींत झिरपते. बाई महागाई ओळखते ती मंडईत, निर्देशांकात नव्हे, हे खरेच आहे. शिवाय अन्न व इंधन वगळून जो ‘गाभा’ उरतो तोही काही शांत नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकूण महागाई शून्याला टेकली असताना गाभा महागाई चार टक्क्यांच्या वर होती, आणि त्यामागे मोठा हात सोन्याचा होता. कांदा वगळून सोने ठेवायचे, हा कसला गाभा? माझ्या मते ‘अन्न’ असा एकच गठ्ठा करण्यातच चूक आहे. दूध, डाळी, तृणधान्ये यांचे भाव एकदा चढले की सहसा चटकन उतरत नाहीत आणि त्यांकडे काणाडोळा करून चालणार नाही. नासणाऱ्या भाज्यांची गोष्ट वेगळी आहे.

दरम्यान हा वाद काहीसा आपोआप सौम्य होत आहे. ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७ टक्के झाला. शहरात तो ४२.६ वरून ३९.७ वर आला. हे आकडे सरकारच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीतले. २०२३-२४ च्या त्या पाहणीच्या आधारे बांधलेल्या, २०२४ पायाभूत वर्षाच्या नव्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार ४५.८६ वरून सुमारे ३७ वर आला आहे. लक्ष्य एकूण महागाईचे असावे की गाभ्याचे, हा प्रश्न बँकेने ऑगस्ट २०२५ च्या चर्चापत्रात स्वतःच विचारला होता. तो विचारताना हाती होती ती मात्र जुन्याच भारांची मालिका.